माणसाचा धर्म माणसाच्या हाती : संविधानकार बाबासाहेब

धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबाला पहिली अडचण येते ती कागदावर. मुलाचे नाव शाळेत घालताना, शिरगणतीचा माणूस दारात आला म्हणजे, दाखल्यासाठी तहसील कचेरीत गेले म्हणजे धर्माच्या रकान्यात काय लिहावे हा प्रश्न उभा राहतो. बौद्ध लिहिले तर सवलत जाईल, अशी भीती शेजारीपाजारी घालतात. भगवान बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर लावलेले लग्न कायद्यात बसते काय, असे सोयरेच विचारतात. उपासक-उपासिकांनी अशा प्रश्नांनी गोंधळून जाण्याचे कारण नाही. धर्म ही माणसाची बाब किती आणि राज्याची बाब किती, याचा जितका विचार बाबासाहेबांनी केला तितका या देशात फार थोड्यांनी केला असेल. आणि तो त्यांनी नुसते ग्रंथ वाचून केला नाही. आधी भोगले, मग कोर्टात भांडले, मग संविधानात लिहिले आणि शेवटी स्वतः आचरून दाखवले. त्यांचे चरित्र या एका बाजूने पाहण्यासारखे आहे.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ हे कबीरपंथी. घरात भजन होते, पाठांतर होते, शिस्त होती. धर्माचा तिटकारा या घराने मुलांना शिकवला नव्हता, हे ध्यानात ठेवावे. धर्माच्या नावाने काय चालते ते मुलाला शाळेत कळले. साताऱ्याच्या शाळेत बसायला घरचे गोणपाट न्यावे लागे आणि शिपायाने पाणी दिल्याशिवाय तहान भागत नसे. शिपाई नसला की त्या दिवशी पाणी नाही. पुढे मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये संस्कृत शिकण्याची इच्छा असून फारसी घ्यावे लागले. ही शाळा सरकारी होती. सरकार इंग्रजांचे, पैसा साऱ्या रयतेच्या कराचा, पण वर्गात कायदा चालला तो मनूचा! आम्ही प्रजेच्या धर्मात हात घालीत नाही असे म्हणून राज्य स्वस्थ बसले, की धर्म राज्याच्याच वर्गात येऊन मास्तरकी करू लागतो, हे त्यांनी लहानपणीच पाहिले. १९०७ साली ते मॅट्रिक झाले तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना आपण लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. त्या भेटीचे फळ ४९ वर्षांनी दिसायचे होते.

बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती, १९१३ साली कोलंबिया विद्यापीठ, मग लंडन, बॅरिस्टरी आणि १९२३ साली डॉक्टर ऑफ सायन्स. ही पदव्यांची यादी आपल्या घरोघरच्या तसबिरीखाली असतेच, ती इथे पुन्हा देत बसत नाही. त्यातली बॅरिस्टरी मात्र महाडला कामाला आली, म्हणून तिथे थोडे थांबले पाहिजे.

सार्वजनिक पैशातून बांधलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर झाला. महाड नगरपालिकेने १९२४ साली त्याप्रमाणे चवदार तळे खुले केले, पण कागदावर. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो बांधवांसह त्या तळ्याचे पाणी प्राशन केले, हे आपल्या मुलाबाळांनाही पाठ आहे. पुढचा भाग मात्र फारसा सांगितला जात नाही. सवर्णांनी तळे पंचगव्याने शुद्ध करून घेतले आणि डिसेंबर १९२७ मध्ये दिवाणी कोर्टात दावा लावला. त्यांचे म्हणणे असे, की या तळ्यावर अस्पृश्यांनी यायचे नाही ही अनादी काळापासूनची वहिवाट आहे आणि वहिवाटीला कायद्याचे बळ आहे. कोर्टाने मनाई हुकूम दिला. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले, पण तळ्यावर पुन्हा जाण्याचा सत्याग्रह बाबासाहेबांनी तहकूब ठेवला. कोर्टाचा हुकूम मोडायचा नाही, कोर्टातच जिंकायचे, असे त्यांनी ठरवले. हजारो माणसे पेटून उठलेली असताना हे ठरवणे सोपे नव्हते.

दावा दहा वर्षे चालला. मुंबई हायकोर्टाने १७ मार्च १९३७ रोजी बाबासाहेबांच्या बाजूने निकाल दिला. तळे नगरपालिकेचे आहे, आणि सवर्ण म्हणतात तशी अनादी वहिवाट पुराव्याने सिद्ध होत नाही, असे कोर्टाने ठरवले. जय झाला. पण निकालात एक फट राहिली. वहिवाट सिद्धच झाली नाही, तेव्हा सिद्ध झाली असती तर ती अन्यायाची आणि लोकहिताविरुद्ध म्हणून रद्द करता आली असती की नाही, या प्रश्नात कोर्टाला शिरावे लागले नाही. म्हणजे उद्या दुसऱ्या गावच्या सवर्णांनी हजार वर्षांचा पुरावा आणला तर काय, हा प्रश्न तसाच लोंबकळत राहिला. संविधानाचा १३ वा अनुच्छेद वाचावा. मूलभूत हक्कांना बाधा आणणारा कायदा रद्दबातल आहे, आणि कायदा या शब्दात रूढी व वहिवाटही येते, असे तिथे स्पष्ट लिहिले आहे. महाडच्या प्रतिवादीला दहा वर्षांत जे कोर्टाकडून मिळाले नाही ते तो मसुदा समितीचा अध्यक्ष असताना या देशाला मिळाले. वहिवाट किती जुनी हे आता विचारायचेच नाही. ती माणसाला समान मानते की नाही, एवढेच विचारायचे.

दाव्याच्या त्या दहा वर्षांतच २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि पाच वर्षे चालला. रामाचे दर्शन झाले नाही म्हणून कोणी तळमळत होते असे नाही. माणूस म्हणून बरोबरीचा हक्क आहे की नाही हे तिथे ठरायचे होते. दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याच्या परिषदेत बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली आणि मे १९३६ मध्ये मुंबईच्या परिषदेत धर्मांतराची कारणे सविस्तर मांडली. येवल्याच्या घोषणेपासून प्रत्यक्ष दीक्षेपर्यंत २१ वर्षे गेली. एवढा उशीर का, असे टीकाकार विचारीत. धर्म बदलला तर राजकीय हक्कांचे काय होते हे त्यांना नीट ठाऊक होते. पुणे करारानंतर १९३६ साली निघालेल्या सरकारी आदेशातच भारतीय ख्रिस्ती माणसाला अनुसूचित जातीत धरायचे नाही, असे लिहिलेले होते. देवळाचे दार बंद, आणि देऊळ सोडून बाहेर पडणाऱ्याला दंड, अशी ही दुहेरी कुलपे होती.

१९४७ च्या मार्चमध्ये शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या वतीने बाबासाहेबांनी संविधान सभेसाठी एक निवेदन तयार केले. राज्ये आणि अल्पसंख्याक या नावाने ते प्रसिद्ध आहे. त्यात त्यांनी राज्याचा म्हणून कोणताही धर्म असणार नाही असे घातले. प्रत्येक नागरिकाला विवेकाचे आणि धर्माचे स्वातंत्र्य, आणि त्यात धर्म सांगण्याचा, उपदेश करण्याचा आणि धर्मांतर करविण्याचाही हक्क, असे शब्द होते. मर्यादा दोनच ठेवल्या होत्या, सार्वजनिक सुव्यवस्था आणि नीती.

फाळणीने बंगालमधली त्यांची जागा गेली, मुंबईतून ते पुन्हा निवडून आले, १५ ऑगस्टला कायदामंत्री झाले आणि ऑगस्टअखेर मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. संविधानातली धर्मविषयक कलमे एकट्या बाबासाहेबांनी लिहिली असे आपल्यातले काही जण भाषणात ठोकून देतात. तसे म्हणण्याची गरज नाही आणि ते खरेही नाही. धर्माच्या आचरणाला मोकळे रान दिले तर देवदासी, पडदा अशा चालीही धर्म म्हणून जपल्या जातील, अशी हरकत राजकुमारी अमृत कौर आणि हंसा मेहता यांनी घेतली होती. प्रसार हा शब्द अल्पसंख्याकांच्या उपसमितीच्या आग्रहाने आला. बाबासाहेबांचे मोठेपण असे, की हे सगळे धागे कुठे अडकतात ते त्यांना दिसले आणि भर सभेत ते त्यांनी सोडवून दाखवले.

२ डिसेंबर १९४८ चा दिवस पाहा. मद्रासचे महंमद इस्माईल आणि इतर काही मुस्लिम सदस्यांचे म्हणणे होते, की ज्याचा त्याचा वैयक्तिक कायदा राज्याने कधी बदलू नये अशी हमी संविधानात असावी. अनेक धर्मांच्या देशात ही मागणी वरवर रास्त वाटते. बाबासाहेबांनी ती मानली नाही. त्यांचा मुद्दा असा, की या देशात धर्म जन्मापासून मरणापर्यंत सगळे आयुष्य व्यापून बसला आहे. खाणे, पिणे, लग्न, वारसा, शिवाशिव, काहीच त्यातून सुटत नाही. हे सगळे धर्म म्हणून राखून ठेवले तर विधिमंडळाने करायचे काय? तेव्हा धर्म म्हणजे श्रद्धा आणि तिच्याशी खरोखर निगडित विधी, एवढेच धरावे. जमीन कोणाची, वारस कोण, हे धर्माने ठरवू नये. त्याच वेळी त्यांनी हेही बजावले, की सत्ता हाती आहे म्हणून एखाद्या समाजाला बंडाला उठवील असा ती वापर करणारे सरकार शहाणे म्हणवणार नाही. दोन्ही बाजूंना ऐकावे लागेल असे हे बोलणे होते. आजही वैयक्तिक कायद्याचा वाद निघाला की एक पक्ष त्यातले पहिले वाक्य घेतो, दुसरा दुसरे. दोन्ही एकत्र वाचणारा विरळाच.

पुढे ३ आणि ६ डिसेंबरला आज २५ वा म्हणून ओळखला जाणारा अनुच्छेद चर्चेला आला. ओरिसाचे लोकनाथ मिश्र यांनी प्रसार या शब्दाला कडाडून विरोध केला. पण सभेने शब्द ठेवला आणि अनुच्छेद ६ डिसेंबर १९४८ रोजी मंजूर झाला. बरोबर आठ वर्षांनी त्याच तारखेला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. या अनुच्छेदाची बांधणी समजून घ्यावी. सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य प्रत्येक व्यक्तीला दिले आहे, जातीला किंवा पंचांना नव्हे. शिवाय त्याच्याच पोटात राज्याला अधिकार दिला आहे, की समाजसुधारणेसाठी कायदा करावा आणि सार्वजनिक स्वरूपाची हिंदू देवळे हिंदूंच्या सर्व वर्गांना खुली करावीत. याचा कस १९५७ साली लागला. दक्षिण कानड्यात मुल्की येथे गौड सारस्वत ब्राह्मणांचे वेंकटरमणाचे देऊळ आहे. आमच्या पंथाचे देऊळ, आत कोणी यावे ते आम्ही ठरवू, असे विश्वस्तांचे म्हणणे होते. पंथाचा कारभाराचा हक्क सुप्रीम कोर्टाने मान्य केला, पण देऊळ खुले करण्याचा कायदा त्याच्या वरचा ठरवला. तो निकाल ऐकायला बाबासाहेब नव्हते.

७ डिसेंबर १९४८ रोजी शाळांचा विषय निघाला. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण द्यायचे नाही, या तरतुदीचे बाबासाहेबांनी समर्थन केले. कर सर्वांचा, आणि त्यातून शिकवण एका धर्माची, हे न्यायाचे होत नाही. बरे, प्रत्येक धर्माची शिकवण ठेवावी म्हटले तर धर्म अनेक, आणि त्यातले काही आपल्याखेरीज दुसरीकडे तरणोपाय नाही असे सांगणारे. मग शाळेत शिक्षण राहील की भांडण? एल्फिन्स्टनमध्ये संस्कृतपासून दूर ठेवलेल्या विद्यार्थ्याने लिहून घेतलेले हे कलम आहे, असे मला ते वाचताना नेहमी वाटते.

आता आपल्या घरातल्या प्रश्नाकडे येऊ. २५ व्या अनुच्छेदाला एक स्पष्टीकरण जोडले आहे, की देवळे खुली करण्याच्या उपखंडात हिंदू या शब्दात शीख, जैन आणि बौद्ध येतील. कित्येकांना हे टोचते आणि टोचावेच. पण ते त्या एका उपखंडापुरते आहे. बौद्ध धर्म हा हिंदू धर्माचा भाग आहे असे संविधान कुठेही म्हणत नाही. १९५५ चा हिंदू विवाह कायदा मात्र बौद्धांनाही लागू केला आहे आणि आजही लागू आहे. तेव्हा बौद्ध पद्धतीने लागलेले लग्न त्याच कायद्याखाली पाहिले जाते, आणि त्याची नोंदणी वेळेवर करून घेणे शहाणपणाचे. यात बाबासाहेबांचेही एक मत आहे, ते झाकून ठेवणे बरे नाही. १९५१ साली हिंदू कोड बिलाच्या चर्चेत शीख सदस्यांनी आम्हाला यात का ओढता असे विचारले, तेव्हा बाबासाहेबांनी उत्तर दिले, की बुद्धांनी वैदिकांशी मतभेद केला तो धर्मविचारात. लग्न, वारसा यांचा कायदा त्यांनी वेगळा केला नाही, तोच बौद्ध, जैन, शिखांना लागू होत आला. म्हणजे धर्म वेगळा म्हणून दिवाणी कायदाही वेगळाच पाहिजे, असे त्यांना वाटत नव्हते. ते ज्या बिलासाठी भांडत होते ते मुलीला वारसा आणि बायकोला घटस्फोटाचा हक्क देणारे होते. ते बिल गुंडाळले गेले आणि २७ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी मंत्रिपद सोडले. बौद्धांचा स्वतंत्र विवाह कायदा हवा अशी मागणी पुढे झाली. तिच्या बाजूनेही बोलण्यासारखे पुष्कळ आहे, पण ती करताना बाबासाहेबांचे नाव घेणाऱ्याने १९५१ चे हे भाषणही वाचलेले असावे.

दुसरे कुलूप १९५० सालचे. अनुसूचित जातींच्या राष्ट्रपतींच्या आदेशात लिहिले होते, की हिंदूहून वेगळा धर्म मानणारा माणूस अनुसूचित जातीचा समजला जाणार नाही. पंजाबातल्या चार शीख जातींना तेवढा अपवाद केला होता. आदेश निघाला तेव्हा बाबासाहेब मंत्रिमंडळात होते, हे लपवण्याचे कारण नाही. ज्या माणसाने विवेकाच्या स्वातंत्र्याचे कलम चर्चेतून पार नेले त्याच्याच लोकांना ते स्वातंत्र्य वापरले की किंमत मोजावी लागणार होती. धर्म बदलला तरी गावातला विटाळ दुसऱ्या दिवशी जात नाही, हे सरकारला कळत नव्हते असे थोडेच आहे!

तरीही १४ ऑक्टोबर १९५६ रोजी अशोक विजयादशमीला नागपूरला पूज्य चंद्रमणी महास्थविरांकडून बाबासाहेबांनी माईसाहेबांसह त्रिशरण-पंचशील घेतले आणि मग लाखो बांधवांना दीक्षा देऊन बावीस प्रतिज्ञा वदवून घेतल्या. दोन दिवसांनी चांद्याला पुन्हा दीक्षासमारंभ झाला. राज्याने बौद्ध व्हावे असे त्यांनी कधी मागितले नाही. संविधानाने प्रत्येक व्यक्तीला जेवढे दिले होते तेवढेच त्यांनी वापरले. आठ आठवडेही झाले नाहीत तोच ते गेले.

१९६१ च्या शिरगणतीत महाराष्ट्रात सुमारे २८ लाख माणसांनी आपला धर्म बौद्ध सांगितला. दहा वर्षांपूर्वी हा आकडा अडीच हजारही नव्हता. त्या वेळी बौद्ध लिहिणे म्हणजे केंद्राच्या सवलती आपल्या हाताने सोडणे होते, आणि हे लिहिणारे शेतमजूर, गिरणी कामगार, बिगारी होते. राज्यापुरत्या सवलती १९६० साली यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने नवबौद्धांना दिल्या, केंद्राने नाही. नागपुरातून राखीव जागेवर निवडून आलेल्या एका आमदाराची निवड सुप्रीम कोर्टाने १९६४ साली रद्द ठरवली. त्यांनी बौद्ध धर्म उघडपणे स्वीकारला आहे, आणि धर्म मानणे म्हणजे तो चारचौघांत जाहीर करणे, असा कोर्टाने अर्थ लावला. कागदावर हिंदू आणि घरात बौद्ध अशी दुहेरी चाल ज्यांना सोयीची वाटते त्यांनी हा निकाल लक्षात घ्यावा.

प्रसार या शब्दाचेही पुढे काय झाले ते सांगितले पाहिजे. ओरिसा आणि मध्य प्रदेश यांनी जबरी, फसवणूक किंवा लालूच यांनी होणाऱ्या धर्मांतराविरुद्ध कायदे केले. १९७७ साली सुप्रीम कोर्टाने ते उचलून धरताना म्हटले, की प्रसार करणे म्हणजे आपला धर्म समजावून सांगणे, दुसऱ्याचे धर्मांतर करविण्याचा हक्क त्यात येत नाही. १९४७ च्या निवेदनात बाबासाहेबांनी नेमका तोच शब्द घातला होता. आपण होऊन धर्म बदलण्याचा व्यक्तीचा हक्क या निकालाने गेलेला नाही, पण त्याच्या वाटेवर कचेऱ्या उभ्या राहू लागल्या आहेत. एप्रिल २०२४ मध्ये गुजरात सरकारने परिपत्रक काढून सांगितले, की बौद्ध धर्म हा वेगळा धर्म आहे, सबब हिंदूने बौद्ध होण्याआधी तेथील कायद्याप्रमाणे जिल्हा दंडाधिकाऱ्याची परवानगी घेतली पाहिजे. बौद्ध धर्म वेगळा आहे हे एका सरकारने एकदाचे मान्य केले, आणि तेही परवानगीचा अर्ज भरून घेण्यासाठी!

रकान्याचा प्रश्न मात्र सुटलेला आहे. विश्वनाथ प्रताप सिंग यांच्या सरकारच्या काळात १९९० साली संसदेने १९५० चा आदेश दुरुस्त करून हिंदू आणि शीख यांच्या जोडीला बौद्ध हा शब्द घातला. दीक्षेनंतर ३४ वर्षांनी. तेव्हापासून अनुसूचित जातीतून आलेल्या बौद्धाला केंद्राच्या सवलतीसाठी आपला धर्म लपवावा लागत नाही. दाखल्यावर धर्म बौद्ध आणि पूर्वीची अनुसूचित जात अशा दोन्ही नोंदी येतात. तेव्हा शाळेत, कचेरीत आणि शिरगणतीत धर्म या शब्दापुढे बौद्ध असेच लिहावे, आणि दाखला हाती आल्यावर तसे लिहिले आहे की नाही ते कचेरीतून निघण्याआधी वाचून पाहावे.